शेवयांच्या डब्यातला फोन

देव्हाऱ्याखालचा डबा थरथरायला लागला तेव्हा माझ्या हातात पेटती काडी होती.

शेवयांचा मोठा स्टीलचा डबा तो, माझ्या रुखवतात आलेला. त्यातल्या शेवया कधीच संपल्या; पुढं त्यात पोरींचे फोन जायला लागले. माझ्या वरच्या मजल्यावर विद्यापीठात शिकणाऱ्या पोरी भाड्यानं राहायच्या, आणि घराचा नियम असा होता की दिवा लागायच्या आत यायचं, पाय धुवायचे, फोन डब्यात टाकायचा, मग ताट मिळायचं. सकाळी आंघोळ झाली की फोन परत. पटत नसेल तर कोल्हापुरात खोल्यांना तोटा नाही, हे मी पहिल्याच दिवशी आईबापांसमोर ऐकवायची. आईबाप खूश व्हायचे, पोरींची तोंडं लांब.

डबा थरथरला तशी वरची छोटी घंटा आपोआप किणकिणली. काडी बोटाला चटका देऊन विझली. मी झाकण काढलं. आत एकच फोन होता. बाकीच्या पोरी गणपतीला आपापल्या गावी गेल्या होत्या. फोनवर टोपी घातलेल्या माणसाचा फोटो आणि खाली अक्षरं. मी दुसरीतून शाळा सोडलेली, पण एवढं लावून वाचता येतं. ‘बाबा.’

फोन प्रणोतीचा होता. आणि प्रणोती घरात नव्हती.

मी फोन कानाला लावला.

“कोण, अक्का व्हय? नमस्कार. आमची पोरगी कुठं हाय?”

“न्हाणीत हाय,” मी म्हटलं. “डोकं धुतीया. उद्या गणपती न्हवं.”

“बरं, बरं. उद्या पहिल्या गाडीनं लावून द्या. आजऱ्याच्या स्टँडावर मी थांबतोय म्हणावं.” मग म्हणाला, “अक्का, तुमच्याजवळ हाय म्हणून आम्हाला झोप लागती बघा.”

बोलणं संपलं तरी फोन मी हातातच धरून ठेवला. हौसाबाई खराडे कुणाच्या बापाला खोटं बोलली नव्हती तोवर. खरं बोलून मी माणसं तोडली आहेत, खोटं बोलून एकही सांभाळलेलं नाही. आणि त्या दिवशी तोंडातून असं सहज निघालं, जणू न्हाणीतून पाण्याचा आवाजच येत होता.

“शबनम!” मी जिन्याकडं बघून ओरडले. “खाली ये! आत्ताच्या आत्ता!”

शबनम मुजावर ही मिरजेची. प्रणोतीची खोलीतली जोडीदारीण. ती नुकतीच बाजारातून आली होती, पाय धुऊन वर कपडे बदलायला गेली होती. ओल्या पायांनीच धावत आली.

“प्रणोती कुठं हाय?”

“घरातच नाही का? मी जाताना झोपली होती.”

“झोपली असती तर तुला हाक मारली असती का मी?”

शबनम वर पळाली. मी मागोमाग. गुडघे दुखतात म्हणून त्या जिन्याला मी महिनोन्महिने पाय लावत नसे. त्या दिवशी कशी चढले ठाऊक नाही. प्रणोतीची गावाला न्यायची पिशवी भरून ठेवलेली. ओढणी खुर्चीवर. आणि खिडकीच्या कट्ट्यावर तिचा पंप.

प्रणोतीला दमा होता. बाप तिला सोडायला आला तेव्हा त्यानं पंप कसा हलवायचा, तोंडात कसा धरायचा, कळ कधी दाबायची, सगळं मला स्वतः करून दाखवलं होतं. म्हणाला होता, “अक्का, ही जेवायची विसरली तर चालंल, हे विसरायला नको.” आणि पोरगी ते विसरून बाहेर पडली होती. फोन नाही, पंप नाही.

“कुठं गेली असंल?” शबनम रडवेली झाली.

मला ठाऊक होतं कुठं गेली असेल. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आदल्या दिवसापासून तो संशय माझ्या डोक्यात होताच.

आदल्या दिवशी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले. टाकीच्या आडोशाला प्रणोती पाठमोरी बसलेली, आणि फोनमधून एक पुरुष बोलत होता. इंग्रजीत. गोड आवाज, तुपात बुडवल्यासारखा. तो काहीतरी विचारायचा, ही उत्तर द्यायची, मग तो हसायचा आणि ही लाजून मान खाली घालायची. ज्या पोरीचा आवाज मला जेवताना ऐकू येत नसे ती पोरगी. मी फोन हातातून काढून घेतला.

“कोण हाय ह्यो?”

“अक्का, कुणी नाही. ॲप आहे ते. इंग्रजी बोलायचा सराव...”

“ॲप हसतं व्हय?”

“हसतं अक्का, तसं बनवलेलं असतं ते...”

“गप. तुझा बा आला की त्याच्याच हातात देईन ह्यो फोन.”

तिचं तोंड पांढरं पडलं. सुट्टीनंतर तिची मुलाखत होती, बंगळूरच्या कसल्याशा मोठ्या संस्थेत शिकायला जाण्याची. लेखी परीक्षेत पोरगी पहिली यायची आणि तोंडी परीक्षेत मुकी व्हायची. समोर साहेब बसला की घसा आवळायचा, आणि घसा आवळला की दमा. “फोन घेऊ नका अक्का, आठच दिवस राहिलेत मुलाखतीला,” असं ती म्हणत राहिली. मी डब्याचं झाकण लावलं.

या ॲपचं खूळ पोरींच्या डोक्यात त्यांच्या मॅडमनी घातलं होतं. केळुसकर मॅडम. त्या माझ्या घरीही आल्या होत्या, कागदांचा गठ्ठा घेऊन. पोरांनी ॲप स्वीकारलं का, यावर त्यांचा अभ्यास चालला होता म्हणे. वापरायला सोपं वाटतं का, आवडतं का, पुढंही वापराल का, असं एकेकीला विचारत होत्या. मी चहा देता देता म्हटलं, “नव्या सुनंला विचारावं तसं विचारताय की. घर आवडलं न्हाई म्हणली तर काय माघारी नेणार हाय?” मॅडम खूप हसल्या आणि तेही कागदावर लिहून घेतलं.

आणि आता मला तेवढाच तुपातला आवाज ऐकू येत होता. पोरीनं फोन ठेवून जावं, ओढणी ठेवून जावं. कुणीतरी बोलावलं असणार. कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुठं नेऊन काय करील... उद्या आजऱ्याच्या स्टँडावर तो टोपीवाला माणूस गाडीची एकेक खिडकी बघत चालेल. शेवटी बापाची जात ती. एकदा असं झालं म्हटल्यावर पोरगी सापडली तरी तिला परत विद्यापीठाचं तोंड बघू देणार नाही. वर्षाच्या आत उजवून टाकील.

“पोलिसांत जाऊया अक्का,” शबनम म्हणाली.

“आणि सांगायचं काय? पळाली म्हणून?”

“पळाली नाही ती!” शबनम माझ्यावर ओरडली. माझ्या घरात माझ्यावर. “तुम्हाला काय वाटतंय मला कळतंय. तो माणूस नाहीये अक्का! यंत्र आहे. हे बघा.” तिनं आपल्या फोनवर ते ॲप उघडलं. “आत्ता दाखवते तुम्हाला, तोच आवाज माझ्याही...”

आणि ती थांबली.

“काय झालं?”

“ही... ऑनलाइन आहे.”

“मराठीत बोल.”

“प्रणोती. ही बघा आमच्या वर्गाची यादी. जी आत्ता धडा करत असते तिच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो.”

मी चष्मा वर केला. यादीत सगळी नावं करड्या रंगाची, विझलेली. एकाच नावापुढं बारीक हिरवा दिवा. प्रणोती रेडेकर.

शबनमला आनंद झाला. “म्हणजे ठीक आहे ती! कुठंतरी बसून धडे करतीय.”

मला मात्र वेगळंच दिसलं. मी डब्यातला फोन तिच्यासमोर धरला. “तिचा फोन ह्यो. मग ती कुणाच्या फोनवरनं करतीय?”

शबनमचं हसू तिथंच गोठलं.

आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि त्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिलो. बाहेर गल्लीत पोरं गणपती आणत होती, हलगी कडाडत होती, कुणीतरी ‘मोरया’ म्हणून गळा काढत होतं. माझ्या देव्हाऱ्यातला दिवा अजून लागला नव्हता. तो एवढासा हिरवा तेवढा लागलेला.

“बोल की तिच्याशी,” मी म्हटलं. “लिही काहीतरी.”

“यात लिहिता येत नाही अक्का. नुसती टाळ्यांची चित्रं पाठवता येतात. मॅडमनीच बंद केलंय, पोरं गप्पा मारतात म्हणून.”

“मग टाळ्या पाठव!”

तिनं टाळ्या पाठवल्या. लगेच खाली काहीतरी चमकलं.

“तिचा धडा पूर्ण झाला,” शबनमनं वाचलं. “‘मदत मागणे.’ हा तर सुरुवातीचा धडा आहे. आम्ही मागच्या वर्षी केलाय.” पुन्हा चमकलं. “परत तोच. ‘मदत मागणे.’ ... आता ‘दवाखान्यात.’ ... परत ‘मदत मागणे.’”

“एवढी पुढं गेलेली पोरगी पुन्हा बालवाडीत कशाला बसलीय?”

शबनमनं माझ्याकडं बघितलं. बोट वर सरकवून ती मागचं सगळं वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. “दुपारपासून चाललंय हे. मदत मागणे. दवाखान्यात. आमचा वर्ग. मदत मागणे. दवाखान्यात. आमचा वर्ग. सारखं तेच. अक्का... ती दुपारपासून हेच सांगतीय.”

“आमचा वर्ग म्हणजे?”

“वर्ग... वर्गात आहे ती. वर्गात कुठला फोन...” मग तिनं कपाळावर हात मारला. “भाषेची लॅब! तिथल्या कॉम्प्युटरवर फक्त हे ॲप चालतं, दुसरं काही उघडतच नाही. फोन नव्हता म्हणून ती तिथं गेली असणार सरावाला. आणि आज लवकर सुटी झाली. शिपायानं कुलूप लावलं.”

“मग आरडाओरडा कर म्हणावं की! दार बडव म्हणावं!”

“ऐकू येत नाही अक्का बाहेर. भिंतीला गाद्या लावल्यात. काचेच्या खिडक्या, त्या उघडतच नाहीत. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून बांधलीय ती खोली.”

गाद्या लावलेल्या, खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत दम्याची पोरगी. आणि पाच दिवस सुटी. पंप माझ्या मुठीत होता. मी तो इतका आवळून धरला होता की तळहातावर वळ उठला.

शबनमनं मॅडमना फोन लावला. आवाज मोठा केला.

“मॅडम, तुम्ही वर्गाची यादी बघितली का?”

“अगं, तेच बघतेय मघापासून!” मॅडमचा आवाज कसा फुललेला. मागं ताम्हण-पळीचा, पोराबाळांचा गलका. “प्रणोती काय सुटलीय आज! हरतालिकेच्या दिवशी! कुणी सांगितलेलं नाही, परीक्षा नाही, तरी दुपारपासून एकामागून एक धडे. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, मुलं स्वीकारत नाहीत म्हणता ना...”

“मॅडम,” शबनम म्हणाली, “ती धडे करत नाहीये. ती हाका मारतीय.”

पलीकडचा गलका चालूच राहिला. शबनमनं एका दमात सगळं सांगितलं.

“देवा,” मॅडम म्हणाल्या. “मी तिला दुपारपासून टाळ्या पाठवतेय.” मग म्हणाल्या, “दुसरी किल्ली माझ्याकडं आहे. निघाले. तुम्ही पोचा.”

फोन बंद होतो न होतो तोच शबनम किंचाळली.

यादीतला हिरवा दिवा विझला होता.

“धडा संपला असंल,” मी म्हटलं.

“नाही अक्का. शिपाई जाताना मेन स्विच बंद करतो. कॉम्प्युटर बॅटरीवर चालले असणार इतका वेळ. आता बॅटरी संपली.” ती उठून उभी राहिली. “आता अंधार आहे तिथं.”

मी पंप पोलक्यात खोचला, तिचा फोन पिशवीत टाकला आणि बाहेर पडले. देव्हाऱ्यात दिवा न लावता.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली, पण पुढं सगळा रस्ता गणपतींनी भरलेला. माणसं पाटावर मूर्ती घेऊन, तोंडावर रुमाल टाकून, सावकाश. देवाला बाजूला हो म्हणायचं कसं? मी रिक्षातून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं. “बाजूला घ्या रं! देव उद्या बसणार हाय, माझी पोरगी आत्ता मरतीया!” एका पोरानं पाट खांद्यावर घेऊन वाट करून दिली. त्याला त्या गणपतीनं काय दिलं मला माहीत नाही. मी त्याला आजवर आशीर्वाद देते.

विद्यापीठाच्या फाटकावर वॉचमन खुर्ची टाकून बसलेला.

“आज्जी, सुटी हाय. पाच दिवस बंद.”

“बंद हाय म्हणूनच आलोय. आत पोरगी अडकलीया.”

“कोण न्हाई आत. मी सोता फिरून आलोय.”

“गाद्यांच्या खोलीत फिरलास का?”

“तिथं कोण असतंय? भाईर चपला असत्या तर दिसल्या असत्या की. आत चपला घालून जाऊच देत न्हाईत.”

यावर शबनमनं माझ्याकडं बघायचं टाळलं, तेव्हा मला आठवलं. उन्हाळ्यात त्याच लॅबच्या दारातून एका पोरीच्या नव्या चपला गेल्या होत्या. तेव्हा मीच सगळ्यांना तंबी दिली होती की चपला डोळ्यांआड करायच्या नाहीत, पिशवीत घालून जवळ घेऊन बसायचं. प्रणोती ही माझं प्रत्येक बोलणं ऐकणारी पोरगी. दारात चपला नव्हत्या म्हणून शिपायानं आत नीट बघितलं नाही. कानाला ते ऐकायचं यंत्र लावून, खोपट्यासारख्या कप्प्यात वाकून बसलेली पोरगी त्याला दिसली नाही.

मी चुकले असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही आणि इथंही म्हणणार नाही. फाटकाचा आडणा मी हातानं उचलला आणि चालू लागले. वॉचमन “ओ आज्जी, ओ आज्जी” करत मागं आला आणि मग पुढं झाला. त्याच्या हातात बॅटरी होती.

लांबच लांब व्हरांडा. आमच्या पायांचाच आवाज. दारावर मोठं कुलूप. मी दार बडवलं. हाक मारली. कान लावला. काही नाही. दगडाला कान लावावा तसं. वॉचमननं मेन स्विच वर केला. आमच्या डोक्यावरची नळी फडफडून लागली. आतून तरीही काही नाही.

“प्रणोती! मी हाय गं! अक्का!”

त्या गप्प दाराशी उभी राहून मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं. स्टँडावरचा माणूस दिसला. त्यानं मला विचारलेलं दिसलं, न्हाणीतून अजून आली नाही का, म्हणून.

मॅडम स्कूटरवरून आल्या. सणाची साडी, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांच्या हातातून किल्ली दोनदा पडली. मी ती घेतली आणि कुलूप उघडलं. कडी काढली. दार आत ढकललं.

दार आत जाईना. आतून काहीतरी मऊ आडवं होतं.

मॅडमनी तोंडावर हात घेतला. वॉचमन पुटपुटायला लागला. मी त्याला म्हटलं, “देवाचं नाव मग घे. आदी बॅटरी धर.” सगळ्यांत बारीक शबनम, ती फटीतून आत सरकली. मग तिचा आवाज आला, “दारालाच लागून पडलीय! खाली, फटीपाशी!” दाराखालून येईल तेवढी हवा ओढायला ती उंबऱ्याशी तोंड लावून झोपली होती. शबनमनं तिला बाजूला ओढलं. मी आत गेले.

ओठ निळे. डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हते. छातीत बारीक शिट्टी वाजत होती, वाजत होती आणि थांबत होती. मी खाली बसले. गुडघ्यांनी आवाज केला. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पंप हलवला, बापानं दाखवला होता तसा, तोंडात धरला.

“ओढ,” मी म्हटलं. “ओढ गं. आत ओढ.”

ओढेना.

“ए पोरी. मी काय म्हणतीय? माझं ऐकतेस न्हवं तू? तू तर माझं सगळं ऐकतेस. मग हेबी ऐक. ओढ!”

मी कळ दाबली. तिच्या गळ्यात काहीतरी हललं. पुन्हा दाबली. मग एक लांब, फाटका, कर्कश श्वास आत गेला. आयुष्यात मी लता-आशाचं काय ते गाणं ऐकलं असेल. त्या आवाजाहून गोड काही ऐकलेलं नाही.

थोड्या वेळानं तिला दिसायला लागलं. शबनम दिसली, मॅडम दिसल्या, मग वर वाकलेली मी. ती घाबरली. खरंच घाबरली, मला बघून.

“अक्का,” ती म्हणाली, “चपला... आत घेतल्या होत्या मी.”

“बोलू नको. श्वास घे.”

मॅडमच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिला वाफेचा मुखवटा लावला. मॅडम बाकावर बसून होत्या. त्यांच्या फोनवर त्या टाळ्यांची चित्रं एकाखाली एक दिसत होती आणि मॅडम ती बघत बघत एकेक पुसत होत्या. कुणाला काय म्हणायचं असतं तेव्हा?

मग माझ्या पिशवीत तो फोन थरथरला. टोपीवाला फोटो.

प्रणोतीनं मुखवटा बाजूला केला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, “न्हाणीत होतीस तू. डोकं धूत होतीस.”

माझ्यासारखी बाई खोटं बोलली हे तिला दम्यापेक्षा जड गेलं असावं. मग तिनं फोन कानाला लावला.

“होय बाबा,” ती म्हणाली. आवाज बसलेला, पण सरळ. “केस अजून ओले हायत. म्हणून घसा धरलाय जरा. होय. उद्या पहिल्या गाडीनं येतीय.”

ती मुलाखतीला गेली. समोर पाच साहेब होते म्हणे आणि तिचा घसा आवळला नाही. अंधारात एकट्यानं हाका मारून झाल्यावर पाच साहेबांचं काय वाटणार? डबा मी बंद केला नाही. पण त्या गणपतीनंतर डब्यात फोन टाकायच्या आधी कोण आलं, कोण नाही, हे मी मोजायला लागले, आणि कुणी आलं नसेल तर ती येईपर्यंत बाकीच्यांच्या फोनांवर झाकण लागत नसे. नियम तो नियम. त्यात भर घातली इतकंच.

आता वर कुणी राहत नाही. जिना मला चढवत नाही. प्रणोती कुठल्याशा थंड देशात असते. माझी दिवेलागण होते तेव्हा तिथं सकाळचा चहा असतो. जायच्या आदल्या दिवशी ती आली आणि माझ्या फोनात ते ॲप घालून गेली.

“मला काय साहेबीण व्हायचंय का ह्या वयात?”

“शिकू नका अक्का. रोज एक धडा नुसता उघडा. मला दिवा दिसला की झालं.”

तेव्हापासून देव्हाऱ्यात दिवा लावला की मी डब्यातून फोन काढते. तोच तुपातला मेला पुरुष रोज मला माझं नाव विचारतो. मी सांगते, हौसाबाई. तो हसतो, वा म्हणतो आणि उद्या पुन्हा विचारतो. पहिल्या धड्याच्या पुढं मी गेलेले नाही. जायचंय कुणाला?

मागच्या महिन्यात मला ताप भरला. दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा थरथरायला लागला. घंटा किणकिणली, थांबली, पुन्हा किणकिणली. मी भिंतीला धरून गेले, झाकण काढलं.

“अक्का!” पलीकडं ती रडत होती. “दिवा का नाही लागला? काल पण नाही, आज पण नाही! कुठं होता तुम्ही?”

मी देव्हाऱ्याला टेकून खाली बसले.

“न्हाणीत होते,” मी म्हटलं. “डोकं धूत होते.”

बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आत जाणारा, बाहेर येणारा, कुठंही न अडकणारा.

“केस ओले हायत का अजून?” तिनं विचारलं.